आशाताईचा हात मोडणारी काठी

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते. मी काही देवळातली काठी नव्हे, की जिच्यापुढे तुम्ही नारळ फोडावा. मी मेंढपाळाची काठी आहे. वय झालंय, तेल पिऊन पिऊन अंग काळं पडलंय, आणि त्या काळ्या अंगावर रक्ताचे दोन डाग आहेत. एक लांडग्याचा, एक बाईमाणसाचा. लांडग्याची गोष्ट मी न विचारता सांगत सुटते. दुसऱ्या डागाची सांगायची म्हटलं की मी पुन्हा लांडग्यावरच येते. पण आज तीच सांगायची आहे, तेव्हा नीट बसा आणि मध्ये बोलू नका.

माझा जन्म वेळूच्या बेटातला. तोडून, सोलून एका बुरडाने मला ताडकळसच्या बाजारात आणून टाकलं. तिथे ग्यानबा आला. डोक्याला लाल पटका, अंगावर घोंगडी, पायात जाड वहाणा. ढिगातल्या वीसेक काठ्या त्याने जमिनीवर आपटून पाहिल्या, कान देऊन ऐकल्या आणि बाजूला फेकल्या. मला आपटलं, गुडघ्यावर दाबून वाकवलं आणि म्हणाला, "ही भरीव हाय. हिला घेतो."

घरी नेल्यावर माझे लाड झाले असतील असं वाटलं का? छे! आधी मला विस्तवावर भाजलं, मग दोन दगडांत घालून सरळ केलं. बुडाला लोखंडी कडं ठोकलं. पंधरा दिवस करडईचं तेल चोळलं. मार काय असतो हे मी दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतः शिकले होते.

त्या वेळी ग्यानबाने मला हातात तोलून आपल्या पोराला, मल्हारला, एक गोष्ट सांगितली होती. "ही लांडग्यासाठी हाय, सापासाठी हाय. माणसावर उगारली की काठी नासली बघ." मल्हार तेव्हा दहा वर्षांचा. त्याने मान हलवली, पण त्याची नजर माझ्या लोखंडी कड्यावर होती.

लांडग्याचं सांगते. पिंगळीच्या अलीकडे एका रानात मेंढरं बसवली होती. दिवस मावळायला टेकला होता. लांडगा ओढ्यातून आला आणि त्याने कोकराचा गळा धरला. ग्यानबा ओरडला नाही की काही नाही. धावत गेला आणि मला दोन्ही हातांनी त्याच्या कण्यावर घातलं. काडकन आवाज झाला. लांडगा फिरला, दात विचकले, तेव्हा दुसरा घाव कवटीवर. माझं कडं आत रुतलं. रक्त गरम असतं, मित्रांनो, ते मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी वस्तीतले लोक येऊन मला हात लावून गेले. मी इतकी फुगले की विचारू नका.

आणि मग किशनरावांचा प्रसंग. गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या हरभऱ्यात आमची चार मेंढरं शिरली. किशनरावांनी चारचौघांत ग्यानबाच्या कानफटात मारली. मी त्याच्याच मुठीत होते! नुसतं मनगट हलवलं असतं तरी किशनरावांचे दात हरभऱ्यात पेरले गेले असते. ग्यानबाने मला जमिनीवर ठेवलं, हात जोडले आणि मेंढरं बाहेर काढली. मी कितीतरी दिवस त्याच्यावर रुसून होते. याला काठी कशाला पाहिजे, बांगड्या भरा म्हणावं, असं मला वाटायचं. मी तेव्हा मूर्ख होते.

आता भिवराबाई. ग्यानबाची बायको. सगळ्या पंचक्रोशीत तिच्या तोंडाला गुण आहे असं म्हणायचे. मेंढराचा डोळा आला, त्यात पांढरं फूल पडलं, की लोक ते मेंढरू उचलून तिच्याकडे आणायचे. ती तंबाखू आणि खडेमीठ तोंडात घेऊन चांगलं चघळायची, आणि मग दोन बोटांनी मेंढराच्या पापण्या ताणून त्या रसाची पिचकारी थेट डोळ्यात मारायची. मेंढरू चारी पाय झाडायचं. चार-आठ दिवसांत कधी फूल कापलं जायचं, कधी डोळाच बसायचा. ज्याचं बरं झालं त्याचं नाव व्हायचं, ज्याचा डोळा गेला ते मेंढरू बाजारात जायचं. त्यामुळे तिचा गुण कधी खोटा पडला नाही.

मग ते करोनाचं साल आलं. रस्ते ओस पडले, बाजार बंद झाले. पुढच्या वर्षी लस आली. गावच्या आशाताई म्हणजे मंजुषा. बारीक चणीची, चालणं झपाट्याचं, बोलणं त्याहून झपाट्याचं. वस्तीवर कोणी लस घ्यायला तयार नव्हतं. चहाचं हॉटेल चालवणारा मुंजाजी तर दिवसभर फोनवरचे व्हिडिओ दाखवून सांगायचा, की लस घेतली की माणूस दोन वर्षांत मरतो. मंजुषा उन्हातून वस्तीवर सात खेटे घालून गेली. शेवटी ग्यानबा उठला.

"पोरगी बेजार व्हायलीय आपल्यापाई," तो म्हणाला. "चला रे. मी म्होरं व्हतो."

शाळेच्या ओसरीवर सगळ्यात आधी त्याने दंड पुढे केला. मागून वस्तीतली तीस-चाळीस माणसं गेली. मंजुषाने प्रत्येकाला सांगितलं, "ताप येईल, अंग दुखंल, दोन दिवसांत जाईल. पण काही वेगळं वाटलं, काही बी, तर लपवू नका. मला सांगा. मी त्याच्यासाठीच हाय."

पहिल्या डोसला काही झालं नाही. दुसऱ्या डोसनंतर चौथ्या दिवशी ग्यानबाचा उजवा डोळा लाल झाला. उजेड सहन होईना. समोरचं माणूस धुक्यातून आल्यासारखं दिसायला लागलं. आत कोणी सुई फिरवतंय असं तो म्हणायचा. मल्हार तेव्हा मेंढरं घेऊन दूर पूर्णेच्या काठाला गेला होता. मी घरात कोपऱ्यात उभी होते, म्हणून हे सगळं मी पाहिलं.

"मंजुषाताईला बोलवते," भिवराबाई म्हणाली.

"नको," ग्यानबा म्हणाला. "मह्या शब्दावर सगळ्यांनी सुई घेतली. मलाच झालं असं कळलं तर तिला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? आपुआप जाईल."

चांगुलपणाने केलेली चूक ही अशी असते, मित्रांनो. ज्या पोरीने लपवू नका म्हणून सांगितलं होतं, तिच्याच अब्रूसाठी त्याने लपवलं.

आणि भिवराबाईने जे मेंढरांना केलं तेच नवऱ्याला केलं. तंबाखू चघळली, मीठ टाकलं, त्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं आणि पिचकारी मारली. ग्यानबा, लांडग्याला न ओरडलेला ग्यानबा, असा किंचाळला की कुत्रं दारातून पळालं. त्याने टाचा घासून घासून जमीन उकरली. "जळतंय म्हंजे लागू पडायलंय," ती म्हणाली आणि तिने त्याचे हात गुडघ्याखाली धरले. सकाळी एकदा, सांजेला एकदा, असे तीन दिवस. डोळ्यातून पाण्याऐवजी पू यायला लागला.

चौथ्या दिवशी मंजुषाला कुठून तरी कळलं. ती धावत आली. तिने खाली बसून डोळा पाहिला.

"मामा, मला कामून सांगितलं न्हाई? मामी, डोळ्यात काही घातलं का? खरं सांगा."

भिवराबाईने कोपऱ्यात पाहिलं, माझ्याकडे. "काय बी न्हाई घातलं," ती म्हणाली.

मंजुषाने तिथूनच दवाखान्यात फोन लावला. उद्या सकाळी गाडी येईल, परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊ, मी स्वतः संगं येते, असं सांगून ती गेली. पण तिच्याआधी बातमी मुंजाजीच्या हॉटेलात पोचली होती. त्याने ग्यानबाच्या डोळ्याचा फोटो कुठून मिळवला देव जाणे, पण संध्याकाळपर्यंत तो शंभर फोनांवर गेला. खाली लिहिलं होतं, 'लशीनं डोळा फुटला. आता पाळी कुणाची?'

तो फोटो पूर्णेच्या काठाला मल्हारने पाहिला.

सकाळी तो घरात शिरला तेव्हा त्याचे डोळे बापाच्या डोळ्यापेक्षा लाल होते. त्याने बापाच्या तोंडावरचं फडकं काढलं, पाहिलं, परत टाकलं. आणि सरळ कोपऱ्यात येऊन मला उचललं.

भिवराबाई दारात उभी होती. तिचे ओठ हलले. एक वाक्य, मित्रांनो. 'मी तंबाखू घातली रे बाबा.' एवढंच बोलायचं होतं. पण तिला पोराच्या हातातली मी दिसत होते, आणि पोराची मूठ दिसत होती. ती बाजूला झाली आणि त्याला वाट मोकळी केली.

शाळेसमोर दवाखान्याची गाडी उभी होती. त्या दिवशी दुसऱ्या गल्लीतल्या लोकांचीही लस होती, म्हणून ओसरीवर लशीचा निळा डबा ठेवलेला. मंजुषा गाडीपाशी उभी राहून, ग्यानबासाठी गाडीबरोबर आलेली डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा वाचत होती. मुंजाजी आणि पन्नासेक माणसं आधीच जमली होती. कोणी काही करत नव्हतं. जमाव असाच असतो, पहिला घाव कोणीतरी घालायची वाट बघत राहतो.

मल्हार म्हणाला, "मह्या बापाचा डोळा दे."

"मल्हार, गाडी त्यांच्यासाठीच आणली. जलदी त्यांना घेऊन ये, येळ नको..."

मी वर गेले. तिने हात आडवा धरला, उजवा, चिठ्ठीचा. मी कोपराच्या वर, दंडावर पडले आणि हाड मोडलं. वाळकी तुराटी मोडावी तसा आवाज आला. हात जिथे वाकू नये तिथे वाकला. दुसरा घाव कपाळावर. माझं कडं कातडी फाडत गेलं आणि गरम रक्त माझ्या अंगावरून खाली मल्हारच्या मुठीपर्यंत वाहिलं.

आता खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. लांडग्यानंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी मला दोन्ही हातांनी धरलं होतं. काठीला डोकं नसतं आणि त्या दिवशी मल्हारलाही नव्हतं.

मग पन्नास माणसं तुटून पडली. दगड आले. गाडीची काच फुटली, ड्रायव्हर रक्ताळलेल्या कानावर हात धरून गाडीत चढला आणि गाडी उधळल्यासारखी निघून गेली. निळा डबा लाथेने उडाला, त्यातल्या कुप्या वहाणांखाली चुरल्या. मंजुषा मातीत पडली होती आणि डाव्या हाताने ती चिठ्ठी चाचपत होती. कुणीतरी तिच्या बोटांवर पाय दिला. मी तिसऱ्यांदा वर गेले. तशीच डोक्यावर पडले असते, तर मित्रांनो, ही गोष्ट इथेच संपली असती.

"काठी टाक!"

ग्यानबा. एका हाताने डोळा झाकून, त्या भर उन्हात ठेचकाळत तो आला होता. त्याला नीट दिसतही नव्हतं. एक दगड त्याच्या खांद्याला लागला, दुसरा बरगडीला. तो तसाच आला आणि मंजुषावर आडवा पडला.

"मार," तो म्हणाला. "आधी मला मार. काठी नासवलीस रे, भडव्या."

मल्हारच्या मुठीतून मी गळून पडले.

किशनरावांनी आपली जीप काढली. हो, तेच कानफटात मारणारे किशनराव. त्यांनी बेशुद्ध मंजुषाला मागे घातलं आणि ग्यानबाला म्हणाले, "तू बी चढ. परभणीलाच जायलोय." मंजुषाचं रक्त जीपच्या फळीवरून ठिबकत होतं. ग्यानबा त्याकडे बघत राहिला. "कोन्या तोंडानं बसू, मालक?" असं म्हणून तो मागे फिरला. पुन्हा लपणं, पुन्हा लाज. त्या लाजेने त्याचा डोळा खाल्ला.

पोलीस आले. मल्हारला धरून नेलं, मुंजाजी फोनसकट गेला, बाकीचे गडी रानोमाळ पांगले. भिवराबाईने मला शाळेसमोरून उचलून आणून वाकळांखाली दडवलं होतं, म्हणून पोलिसांनी दुसरीच एक काठी जप्त केली. ती बिचारी माझ्या पापासाठी अजून ठाण्यात पडून आहे. गावात गाडी फिरकेना, दवाखान्याचं माणूस यायला धजेना. असे आणखी चार दिवस गेले. चौथ्या दिवशी ग्यानबाच्या बुबुळावर पांढरं फूल पडलं. अगदी मेंढराला पडायचं तसं.

तेव्हा भिवराबाईने मला वाकळांखालून काढलं, नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्याला पिंगळीच्या स्टेशनावर नेलं. तिथून परभणीची गाडी धरली.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून डोळा पाहिला, बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "यात काय घातलं होतं?"

भिवराबाईने पदराला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. आणि सांगितलं. तंबाखू, मीठ, तीन दिवस, दोनदा.

"लशीनं न्हाई गेला का मंग डोळा?" ग्यानबाने विचारलं.

"ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लस घेतल्यावर डोळ्याला आतून सूज येते, असं क्वचित होतं. फार क्वचित. तुम्हाला आली ती लशीमुळेच आली असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि नाहीच आली असंही म्हणणार नाही. पण ती सूज थेंबांनी उतरते. वेळेत आला असता तर बहुतेक डोळा वाचला असता. बुबुळ जळलंय ते तंबाखूनं, आणि वर जखमेत जंतू गेलेत. त्या गाडीनं आला असता तरी मी काहीतरी केलं असतं. आता उजेड-अंधार कळेल, बस्स."

कळलं का, मित्रांनो? ज्या हातात ग्यानबाच्या डोळ्याची चिठ्ठी होती तोच हात मी मोडला. मल्हारला वाटलं मी बापाच्या डोळ्याचा सूड घेतला. मी तर त्याच डोळ्यातली उरलीसुरली नजर घालवली होती.

त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर मंजुषा होती. हातात सळई, कपाळाला अकरा टाके. भिवराबाई तिच्या खाटेशी गेली आणि पायांवर डोकं आपटायला लागली. "मी खोटं बोलले गं पोरी. मीच डोळा जाळला. मी गप ऱ्हायले आन् तुला मार खाऊ दिला. मला मार, मह्या तोंडात जाळ घाल."

मंजुषाने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला राग होता आणि तिने तो लपवला नाही. "उठा मामी," ती म्हणाली. "पाया पडून मह्या हाडाला काय व्हायचंय? जिथं मी मार खाल्ला ना, तिथं उभं ऱ्हाऊन सांगा. सगळ्यांना."

आणि भिवराबाईने सांगितलं. शाळेसमोर, गाव गोळा करून. जिच्या तोंडाला गुण आहे म्हणून पंचक्रोशी यायची, तिने त्याच तोंडाने सांगितलं, की मी नवऱ्याचा डोळा मेंढराचा डोळा समजले. कोणी तिला शिव्या दिल्या, कोणी चप्पल भिरकावली. ती चप्पल तिच्या गालाला लागली. तिने सांगायचं थांबवलं नाही. त्याच आठवड्यात दोघंजण आपापले लाल डोळे घेऊन मुकाट्याने परभणीला गेले. एकाच्या डोळ्यात नुसती धूळ गेली होती. दुसरीला काय झालं होतं ते डॉक्टरांनी वेळेत पाहिलं, आणि ती आज सुईत दोरा ओवते.

मंजुषा घरी परतल्यावर ग्यानबा मला घेऊन तिच्या दारात गेला. मला उंबऱ्याबाहेर आडवं ठेवलं.

"खरी काठी ही हाय, ताई. ठाण्यात द्या, न्हाईतर चुलीत घाला. नासली ही. मला आता हिला धरवत न्हाई."

मी चुलीची वाट बघत होते. खरंच सांगते, मला वाटलं जळावं आणि सुटावं. मंजुषाने डाव्या हाताने मला उचललं. माझ्यावरचा डाग पाहिला, स्वतःचाच. मग अंगणात वर बघितलं.

"ऱ्हाऊ द्या मामा," ती म्हणाली. "मला लागंल ही."

तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. अंगणातली कपड्यांची दोरी उंच आहे. रोज सकाळी ती ओली साडी माझ्या टोकावर घेते, मला वर उचलते आणि मी ती दोरीवर सरकवते. जो हात मी मोडला, त्याचं वरचं काम आता माझ्याकडे आहे. लांडगा मारल्यावर लोक मला हात लावायला आले होते. इथे कोणी येत नाही आणि ते बरोबर आहे.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुणाचा डोळा लाल झाला, धूसर झाला, लस घेतल्यावर झाला की आणखी कशाने, तर तो लपवू नका. त्यात काही घालू नका, अगदी आजी सांगत असली तरी. आणि जिने सांगायला सांगितलं होतं, त्या आशाताईलाच आधी सांगा. काठीकडे हात जायला लागला तर क्षणभर थांबून घरातल्या माणसाला विचारा, 'तू काही लपवलंस का?' त्या दिवशी मल्हारने हे विचारलं असतं तर भिवराबाई बोलली असती. तिचे ओठ हलले होते, मी पाहिलं होतं.

मल्हार जामिनावर सुटलाय. तो या गल्लीतून जात नाही, लांबून ओढ्याकडून जातो. ग्यानबा मात्र मेंढरं घेऊन इथूनच जातो. हातात नवी काठी असते, हलकी, बिनकड्याची. उजवीकडचं दिसत नाही म्हणून आमच्या दाराशी तो थांबतो, सगळी मान वळवतो आणि डाव्या डोळ्याने आधी मंजुषाकडे, मग माझ्याकडे बघतो.

"काठी कामाची हाय का, ताई?"

"हाय, मामा."

मग तो मेंढरं हाकत पुढे जातो. मंजुषा मला वर उचलते, तिचं कोपर थरथरतं आणि ती थरथर माझ्या अंगात उतरते. मी साडी दोरीवर टाकते. एक झाली की दुसरी.